सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरची सायकल सहल: बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी परीक्षण

रविवारी पहाटे सिंधरोटच्या रस्त्यावर भेटणाऱ्या आमच्या सायकलस्वारांच्या गटात दिवाळीनंतर एकच प्रश्न विचारला जात आहे, तो म्हणजे इटलीतील त्या आठ दिवसांच्या सायकल सहलीला जेवढे पैसे लागले तेवढे ते वसूल झाले का. प्रत्येकाला निरनिराळे उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, असे ठरवून हे परीक्षण लिहीत आहे. उत्तर आधीच सांगतो. मार्गाची निवड आणि सामानाची ने-आण या दोन गोष्टींसाठी सहलीचे पैसे पुरेपूर वसूल होतात. परंतु माहितीपत्रकात रोजचे अंतर दिले होते, चढ दिला नव्हता, आणि बडोद्यासारख्या सपाट गावात सायकल चालवणाऱ्याला नेमकी तीच माहिती सर्वांत आधी हवी असते. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण येथे सांगितलेले गुणदोष एखाद्या नावापेक्षा या पद्धतीच्या सहलीला अधिक लागू पडतात, आणि कोणत्याही संस्थेकडे नोंदणी करण्यापूर्वी काय विचारून घ्यावे हे कळणे जास्त उपयोगाचे आहे.

सहलीचे स्वरूप असे होते. सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाजवळील त्रापानी या बंदरातून निघायचे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मार्साला, माझारा, सेलिनुंते, शाक्का, एराक्लेआ मिनोआ असे मुक्काम करीत अग्रिजेंतोला पोहोचायचे. एकूण अंतर सुमारे २३० किलोमीटर, दिवस आठ, त्यांपैकी सायकल चालवण्याचे सहा. सोबत मार्गदर्शक नसतो. संस्था सायकली देते, सात रात्रींच्या मुक्कामाची सोय करते, रोजचा मार्ग मोबाईलवर उघडणाऱ्या फाईलच्या आणि छापील टिपणाच्या स्वरूपात देते, आणि सकाळी आपण खाली ठेवलेल्या बॅगा संध्याकाळपर्यंत पुढच्या मुक्कामी पोहोचवते. कुठे थांबायचे, काय पाहायचे, केव्हा जेवायचे, हे सर्वस्वी आपल्या हाती असते. सायकलभाडे आणि न्याहारी धरून माणशी हजार युरोंच्या आसपास खर्च आला. विमानभाडे, दोन वेळचे जेवण आणि ठिकठिकाणचे प्रवेशशुल्क वेगळे.

आम्ही चौघे होतो: मी ५८ वर्षांचा, पत्नी ५४ वर्षांची, आणि इंदूरहून आलेले माझे साडू व मेव्हणी. आम्ही दोघांनी गिअरच्या साध्या सायकली घेतल्या. साडूंचा गुडघा दुखरा असल्यामुळे त्या दोघांनी ई-बाईक मागवल्या. पावसाळा ओसरल्यापासून आम्ही दर रविवारी आजव्याला किंवा पावागडच्या पायथ्यापर्यंत जात होतो. पावागडपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर आम्हाला सहज जमत, आणि तेवढ्या भरवशावर रोजचे चाळीसेक किलोमीटर आपल्याला जड जाणार नाहीत, असे आम्ही गृहीत धरले. ही समजूत कुठे अपुरी पडली ते पुढे येईल.

व्हिसाबद्दल थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो आहे, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो, आणि आम्ही अर्ज अहमदाबादला जाऊन दिले. संस्थेने सातही रात्रींच्या मुक्कामाचे पत्र पासपोर्टवरील नावांप्रमाणे, एकाच कागदावर पाठवले होते, त्यामुळे अर्ज देताना काहीच अडचण आली नाही. सात हॉटेलांची आरक्षणे स्वतः करून ती सगळी कागदपत्रे जुळवणाऱ्याला या एका कागदाची किंमत कळेल.

भाऊबीज आटोपून आम्ही निघालो, पालेर्मोच्या विमानतळावर उतरलो आणि तेथून बसने त्रापानीला गेलो. त्याच संध्याकाळी संस्थेचा माणूस सायकली घेऊन मुक्कामी आला. त्याने घाई केली नाही. पत्नीची उंची पाच फूट आहे आणि परदेशी सायकलींवर तिचे हात नेहमी ताणले जातात. त्याने सीट पुढे सरकवून पाहिली, तेवढ्याने भागत नाही असे दिसताच गाडीतून आखूड दांडा आणून हँडल बदलून दिले आणि तिला गल्लीत दोन फेऱ्या मारायला लावल्या. ब्रेक, गिअर, दिवे, मागच्या कॅरिअरला अडकवायच्या जलरोधक पिशव्या, सर्व काही ठीक होते. प्रत्येकाला चमकणारे पिवळे जाकीटही मिळाले. इटलीत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गावाबाहेर, आणि बोगद्यात केव्हाही, सायकलस्वाराला असे जाकीट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. दुरुस्तीच्या पिशवीत पंप, टायर लिव्हर, ठिगळे, सोल्यूशन आणि एक जादा ट्यूब होती. ती ट्यूब मी उघडून पाहिली नाही. ती तिथेच, त्याच्या समोर पाहायला हवी होती.

सायकल चालवण्याच्या पहिल्याच दिवशी मार्गाची योग्यता पटली. त्रापानी आणि सिराकुसा यांना जोडणारा एसएस ११५ हा मोठा रस्ता मार्सालालाही जातो, पण त्यावर ट्रकांची वर्दळ असते. सहलीचा मार्ग तो सोडून मिठागरांमधून, पाण्याच्या अगदी कडेने जातो. मिठागर म्हटले की गुजरातेत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर खाराघोडा आणि कच्छचे छोटे रण येते, उन्हात रापलेले अगरिये, म्हणजे मीठ पिकवणारे कामगार, आणि उघड्यावर पडलेले मिठाचे ढीग येतात. येथे मिठाच्या लांबट राशी ओळीने रचून त्यांवर भाजलेल्या मातीची कौले अंथरतात, आपल्याकडे जुन्या वाड्याच्या पडवीवर असत तशी, म्हणजे हिवाळ्यातल्या पावसाने आणि वाऱ्याने मीठ वाहून जात नाही. सायकल कडेला लावून जवळ गेल्यावर दिसले की कौलांच्या फटींतून बारीक खडे ओघळून तळाशी साचले आहेत आणि सर्वांत खालच्या ओळीची कौले खारट हवेने पांढुरकी, बोटाला खरखरीत लागावी अशी झाली आहेत. मधूनमधून पवनचक्क्या उभ्या आहेत. एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात चढवायला आणि मीठ दळायला त्या वापरत असत.

या वाटेवर स्ताञोने नावाची उथळ खाडी लागते आणि तिच्यात मोझिया हे छोटे बेट आहे. फिनिशियन लोकांनी वसवलेले हे नगर इ.स.पू. ३९७ मध्ये सिराकुसाच्या दिओनिसियसने उद्ध्वस्त केले. बेट आणि मुख्य भूमी यांना जोडणारा त्या काळचा रस्ता आजही पाण्याखाली आहे. सायकली धक्क्यावर कुलूप लावून ठेवता येतात आणि होडी दहाएक मिनिटांत पलीकडे नेते. तेथील संग्रहालयातील तरुणाची संगमरवरी मूर्ती १९७९ साली सापडली. तिच्या अंगावरील वस्त्राच्या बारीक चुण्या पाहताना दगड ओला असावा असे वाटते. परतीची शेवटची होडी चुकू नये म्हणून सहलीच्या टिपणात किती वाजेपर्यंत धक्क्यावर पोहोचावे हे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. अशा बारकाव्यांतूनच हे टिपण कोणीतरी स्वतः सायकल चालवून लिहिले आहे, हे जाणवत राहते.

येथे दिशेबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. या भागात वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला माएस्त्राले म्हणतात. त्रापानीहून अग्रिजेंतोकडे जाणे म्हणजे वायव्येकडून आग्नेयेकडे जाणे, त्यामुळे हा वारा पाठीशी राहतो. पहिले तीन दिवस आम्हाला त्याची चांगली साथ मिळाली. हीच सहल उलट दिशेने विकणारा कोणी भेटला, तर वाऱ्याबद्दल त्याचे म्हणणे आधी नीट ऐकून घ्यावे.

मार्साला ते माझारा हा टप्पा लहान, सुमारे तीस किलोमीटरांचा, आणि रस्त्याच्या दृष्टीने साधा आहे. ११ मे १८६० रोजी इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गारिबाल्दी आपल्या हजार स्वयंसेवकांसह मार्सालालाच उतरला होता. माझारात अरब वळणाच्या अरुंद गल्ल्यांचा कसबा पाहावा, आणि १९९८ साली कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेला नाचणाऱ्या सॅटिरचा, म्हणजे ग्रीक पुराणकथांतील वनदेवतेचा, ब्राँझचा पुतळा तर अवश्य पाहावा. माझ्या मते या दोन टप्प्यांपैकी एखाद्या ठिकाणचा मुक्काम वगळून ती रात्र प्राचीन ग्रीक मंदिरांच्या सेलिनुंतेला दिली असती, तर सहल अधिक चांगली झाली असती.

कारण चौथा दिवस एका दिवसात मावत नाही. माझाराहून सेलिनुंतेला जाताना टिपणातील मार्ग थोडा आत वळून काव्हे दी कूझा या दगडाच्या खाणीवर नेतो. सेलिनुंतेच्या मंदिरांच्या खांबांसाठी येथून दगड काढला जात असे. इ.स.पू. ४०९ मध्ये कार्थेजच्या सैन्याने सेलिनुंतेवर चाल केली आणि खाणीतले काम होते त्या स्थितीत थांबले. ते आजतागायत तसेच आहे. ऑलिव्हच्या झाडांमध्ये माणसाहून उंच दगडी गोल, म्हणजे खांबांचे दंडगोलाकार तुकडे, अर्धवट कोरलेले उभे आहेत, तळाशी अजून खडकाला जोडलेले. गोल आणि भोवतालचा खडक यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन काम करू शकेल एवढीच खाच आहे. त्या खाचेत उतरून मी हात लावला, तेव्हा छिन्नीचे घाव एकाच तिरप्या दिशेने पडलेले बोटांना कळत होते. पुढे सेलिनुंतेपर्यंतचे दहा-बारा किलोमीटर आम्ही ज्या बाजूने गेलो, त्याच बाजूने हे प्रचंड गोल ओढून नेले जात. बसने फिरणाऱ्या प्रवाशाला मंदिरे दिसतात. खाण ते मंदिर हे अंतर मात्र पायडल मारल्याशिवाय अंगात मुरत नाही. या मार्गाची आखणी करणाऱ्याचे मला येथे मनापासून कौतुक वाटले.

खाणीतून निघताना पत्नीच्या मागच्या चाकातील हवा गेली. टायरमध्ये रुतलेला काटा काढून पाहिला, तर तो सराट्याचा, म्हणजे आपल्या गोखरूचा, अगदी सिंधरोटच्या कच्च्या वाटेवर मिळतो तोच. जादा ट्यूब काढली, ती २६ इंची चाकाची निघाली, आणि आमची चाके २८ इंची होती. ही चूक क्षम्य नाही. भर उन्हात, गावापासून दूर, ज्या एका वस्तूवर माणूस विसंबून असतो ती वस्तू तपासून देणे हे संस्थेचे काम आहे. सुदैवाने पंक्चर काढणे मला लहानपणापासून येते. ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळ फिरवली, भोक सापडले, घासून, सोल्यूशन सुकू देऊन ठिगळ बसवले, आणि ते अग्रिजेंतोपर्यंत टिकले. शेजारच्या बागेत एक कुटुंब झाडांखाली जाळ्या अंथरून ऑलिव्ह उतरवत होते. त्यांतील वयस्कर गृहस्थांनी पंक्चर सापडण्यासाठी पाण्याची बादली आणून ठेवली आणि काम संपेपर्यंत सायकल धरून उभे राहिले. आम्ही त्यांना डब्यातल्या चकल्या आणि शंकरपाळे दिले. या सगळ्यात दीड तास गेला आणि सेलिनुंतेच्या विस्तीर्ण आवारात पोहोचायला तीन वाजले. तेथील मंदिरांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. त्यांपैकी पुन्हा उभारलेले ‘ई’ मंदिर आम्ही नीट पाहिले, ‘जी’ मंदिराच्या कोसळलेल्या खांबांच्या ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारली, आणि समुद्राकडच्या टेकडीवर जाईपर्यंत ऊन उतरले.

पाचव्या दिवसाबद्दल मला तक्रारीला जागाच सापडत नाही. सेलिनुंतेहून पोर्तो पालो या छोट्या बंदरापर्यंत आल्यावर तेथून मेन्फी गावाकडे जाणारी वाट ही जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट आहे. कास्तेल्वेत्रानोहून पोर्तो एंपेदोक्लेकडे जाणारी ९५० मिलीमीटर रुंदीची छोटी रेल्वे येथून धावत असे. या भागातील तिची वाहतूक १९८६ साली बंद पडली. पत्नीचे माहेर डभोईचे. गायकवाड सरकारच्या संस्थानात डभोई ते मियागाम या मार्गावर १८६२ साली बैलांनी ओढलेल्या गाड्यांनी जी छोटी रेल्वे सुरू झाली, तिच्याच जाळ्यावरून ती लहानपणी मामाकडे जात असे. चार-पाच किलोमीटर एकाच लयीत चढल्यावर, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि मागे समुद्र असताना, ती म्हणाली, “अहो, चढ बघा, आगगाडीला झेपेल एवढाच आहे.” तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ चढवत नाही, म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी वळणे घेत घेत, कुठे खोदून कुठे भराव घालून, सौम्य उतार राखलेला असतो आणि त्याचा लाभ शंभर वर्षांनी सायकलस्वाराला होतो. समुद्राकाठापासून सुमारे १२० मीटर उंचीवरच्या मेन्फीपर्यंत आम्ही एकदाही सायकलवरून उतरलो नाही. आपल्या गुडघ्यांबद्दल ज्यांना शंका आहे, त्यांनी हा एक टप्पा तरी डोळे मिटून करावा.

त्या संध्याकाळी शाक्काला मात्र बॅगा वेळेवर आल्या नाहीत. हे गाव समुद्रावरून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले आहे आणि आमचे हॉटेल वरच्या अंगाला होते. घामेजलेल्या कपड्यांत सव्वा तास खालच्या बैठकीत बसून राहावे लागले. फोन केल्यावर गाडी कोठे आहे हे लगेच सांगितले गेले आणि सांगितलेल्या वेळेला ती आली, म्हणून मी या गोष्टीला फार महत्त्व देत नाही. गच्चीवरून दिसणाऱ्या समुद्रात १८३१ साली ज्वालामुखीतून एक नवे बेट वर आले होते, अनेक देशांनी त्यावर हक्क सांगितला आणि काही महिन्यांतच ते लाटांनी झिजून पुन्हा पाण्याखाली गेले. बॅगांची वाट पाहताना हॉटेलच्या मालकिणीने ही हकिकत नकाशा काढून सांगितली.

आता सहाव्या दिवसाबद्दल, कारण या परीक्षणाचा गाभा तोच आहे. माहितीपत्रकात त्या दिवसासमोर लिहिले होते: शाक्का ते एराक्लेआ मिनोआ, ४२ किलोमीटर, मध्यम. प्रत्यक्षात शाक्का सोडल्यावर रस्ता वेर्दुरा नदीच्या खोऱ्यात जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत उतरतो आणि तेथून सुमारे २२० मीटर उंचीवरच्या रिबेराला चढतो, मग प्लातानी नदीच्या खोऱ्यात पुन्हा उतरतो आणि मुक्कामाआधी पुन्हा चढतो. साडूंच्या मोबाईलने दिवसाचा एकूण चढ सुमारे ६०० मीटर दाखवला. आपल्याकडे आजव्याच्या रस्त्यावर पन्नास किलोमीटर जाऊन येणाऱ्याच्या पायांना हा आकडा मुळीच परिचित नसतो. अंतर तेच, पण ताशी १६ किलोमीटरचा वेग चढावर ६ वर येतो, आणि अडीच तासांचा हिशेब पाच तासांवर जातो.

त्यात त्या दिवशी वारा फिरला. आफ्रिकेकडून, आग्नेयेच्या बाजूने येणाऱ्या उष्ण वाऱ्याला तेथे शिरोक्को म्हणतात, आणि ज्या दिशेला जायचे त्याच दिशेने तो समोरून येतो. आकाश पिवळट झाले, चष्म्यावर तांबूस धूळ बसू लागली, आणि उतारावरसुद्धा पायडल मारावे लागले. रिबेराच्या चढावर, अजून हिरव्या असलेल्या संत्र्यांच्या बागांमधून, आम्ही दोघे सायकली हातात धरून चालत होतो. आणखी एक गोष्ट आम्ही विचारात घेतली नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात, आणि आमचा सायकल चालवण्याचा पहिला दिवस नेमका तोच होता. त्यामुळे सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळत होता. चार वाजता रिबेराच्या चौकात पोहोचलो तेव्हा निम्म्याहून अधिक वाट शिल्लक होती.

येथे संस्थेचे ऋण मान्य केले पाहिजे. मदतीच्या क्रमांकावर फोन करताच दुसऱ्या घंटेला तो उचलला गेला, बोलणाऱ्या बाईंनी आम्ही कुठे आहोत, पाणी आहे का, कोणाला चक्कर येते आहे का, हे आधी विचारले, आणि पाऊण तासात गाडी पाठवली. आम्ही दोघे सायकलींसह गाडीतून गेलो; साडू आणि मेव्हणी ई-बाईकवर दिवे लावून, जाकिटे घालून, आमच्या मागोमाग अर्ध्या तासाने पोहोचले. गाडीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. परंतु जी संस्था अडचणीत एवढ्या तत्परतेने धावून येते, तिने ती अडचण टाळणारी एक ओळ माहितीपत्रकात लिहिली असती, तर पत्नीचा तो दिवस असा गेला नसता. रात्री तिच्या पोटऱ्यांत पेटके येत होते आणि दुसऱ्या दिवशी सायकल चालवायची की नाही, हे सकाळपर्यंत ठरत नव्हते. नोंदणी करताना मी स्वतः वय आणि सवय दोन्ही लिहून दिली होती, सपाट प्रदेशातले आहोत हेही लिहिले होते. त्या अर्जाचा उपयोग केवळ सायकलीचे माप ठरवण्यासाठी झाला, याचे मला वाईट वाटते. ज्यांना अशा सहलीला जायचे आहे, त्यांनी प्रत्येक दिवसाचा एकूण चढ मीटरमध्ये लेखी मागावा, आणि तयारी पावागडच्या पायथ्याशी न थांबवता तेथून माचीच्या घाटरस्त्याने वर चढून करावी.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींना विशेष काळजी वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. अंडे न खाणाऱ्याला न्याहारीला ब्रेड, लोणी, फळे, बदाम घातलेली बिस्किटे आणि कॉफी यांवर भागवावे लागते. दुपारी मिळणारा पाने कुन्झातो हा सर्वांत सोयीचा पदार्थ: गरम पाव मधोमध कापून त्यात ऑलिव्हचे तेल, टोमॅटो, ओरेगानो आणि ताजे चीज. त्यात बहुधा खारवलेले मासे घालतात, म्हणून ‘सेन्त्सा अच्चूगे’ हे दोन शब्द पाठच करावेत. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हेही तितकेच उपयोगी आहे. त्रापानीच्या बाजूला बुझिआते नावाची पिळाची पास्ता बदाम, लसूण, टोमॅटो आणि तुळशीच्या जातीची बझिल ही पाने वाटून केलेल्या चटणीत घोळून देतात. ही चटणी पारंपरिक पद्धतीने खलबत्त्यात कुटतात, आणि तिची चव आपल्या जिभेला परकी वाटत नाही. त्याच भागात रव्याच्या बारीक कण्यांचे कूसकूस प्रसिद्ध आहे, पण ते माशांच्या रश्शात करतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. वांग्याची आंबटगोड कापोनाता मेव्हणीला इतकी आवडली की तिने कृती लिहून घेतली. कास्तेल्वेत्रानोच्या बाजूचा काळसर पाव मिळाला तर सोडू नये. तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो आणि सायकलच्या पिशवीत चुरा होत नाही.

तरीही वेळेचे गणित सांभाळावे लागते. दुपारी अडीचनंतर लहान गावांत स्वयंपाकघरे बंद होतात आणि रात्री आठशिवाय उघडत नाहीत. नोव्हेंबर जवळ आला की किनाऱ्यावरची पुष्कळ उपाहारगृहे हंगामापुरती बंद झालेली असतात. एराक्लेआ मिनोआला तर आमच्या मुक्कामाच्या ठिकाणाशिवाय एकही उघडे नव्हते, आणि तेथे आधी कळवूनही शाकाहारी म्हणून समोर आले ते ट्यूना मासा घातलेले सॅलड. त्या रात्री आम्ही खोलीतल्या शेगडीवर भात केला आणि बडोद्याहून नेलेले मेतकूट त्यावर घालून खाल्ले. बारा तास उपाशी असलेल्या चार माणसांना तो भात पुरला.

शेवटच्या दिवशी वारा पडला आणि पत्नी सायकलवर बसली. सिकुलिआना आणि रेआल्मोंते या गावांवरून जाणारा हा टप्पा चढउतारांचाच आहे, पण आता प्रत्येक चढ किती लांबीचा ते साडूंनी आदल्या रात्री नकाशावर मोजून ठेवले होते आणि आम्ही साडेसातला निघालो होतो. रेआल्मोंतेजवळ स्काला देई तुर्की हा पांढऱ्या मार्ल, म्हणजे चुना आणि चिकणमातीच्या, खडकाचा कडा लाटांनी पायऱ्यांसारखा झिजला आहे. तो आम्ही वरच्या रस्त्यावरून पाहिला. पोर्तो एंपेदोक्लेनंतर अग्रिजेंतोच्या आधी काही अंतर मोठ्या रस्त्यावरून जावे लागते. तेथे ट्रक अगदी जवळून जातात, आणि वाहने उजवीकडून चालतात याची सवय आठ दिवसांत पूर्ण होत नाही, विशेषतः चौकात डावीकडे वळताना. आम्ही एकामागे एक, मध्ये अंतर ठेवून गेलो. दुपारी मंदिरांच्या दरीत पोहोचलो. अक्रागास, म्हणजे प्राचीन अग्रिजेंतो, हे नगर सुमारे इ.स.पू. ५८० मध्ये वसले आणि त्यातील कोंकोर्दियाचे मंदिर पुढे चर्च म्हणून वापरात राहिल्यामुळे जवळजवळ अखंड उभे आहे. पत्नी त्याच्या पायऱ्यांसमोरच्या भिंतीवर बसली, बूट काढले, आणि तासभर तेथून हलली नाही.

ई-बाईकचा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. साडू-मेव्हणींनी ती घेतली म्हणून त्यांना सहावा दिवस झेपला, यात शंका नाही. मात्र शिरोक्कोविरुद्ध मोटार पूर्ण ताकदीने चालवल्यामुळे मुक्कामी पोहोचताना मेव्हणीच्या बॅटरीत एकच रेघ उरली होती, आणि ती संपली असती तर एवढी जड सायकल चढावर ढकलणे कोणालाही शक्य झाले नसते. भाडेही बरेच अधिक आहे. पन्नाशी ओलांडलेल्या दांपत्याने दोन्ही ई-बाईक घ्याव्यात, किंवा एकही घेऊ नये. एकाकडे मोटार आणि दुसऱ्याकडे पाय असले की दिवसभर एकमेकांसाठी थांबण्यातच वेळ जातो. आम्ही पुन्हा गेलो तर एप्रिलच्या मध्यावर जाऊ, जेव्हा दिवस मोठा असतो, आणि सेलिनुंतेला दोन रात्री मागून घेऊ.

अग्रिजेंतोच्या हॉटेलात सायकली परत घ्यायला त्रापानीचाच तो माणूस आला होता. मी त्याला चुकीची ट्यूब दाखवली. त्याने ट्यूबवरचा आणि टायरवरचा आकडा शेजारी धरून वाचला, माफी मागितली, उरलेल्या तिन्ही पिशव्या तिथेच जमिनीवर उघडल्या, आणि त्यांतल्या आणखी एका पिशवीत तशीच २६ इंची ट्यूब निघाली. मग त्याने पत्नीच्या चाकाची हवा सोडून माझे ठिगळ पाहिले, त्यावरून अंगठा फिरवला आणि ते चांगले बसले आहे असे मान हलवून सांगितले. घरी आल्यावर मी संस्थेला चढाबद्दल सविस्तर पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले आणि त्यासोबत नवे टिपणही. त्यात प्रत्येक दिवसाच्या अंतराशेजारी एकूण चढाचा आकडा छापला आहे, सहाव्या दिवसापुढे ‘मध्यम’ हा शब्द खोडून ‘कठीण’ केला आहे, आणि वारा समोरून असल्यास शाक्काहून रिबेरापर्यंत गाडीने सोडण्याचा पर्याय दिला आहे. ते टिपण मी छापून घेतले आहे. गटातील ज्यांना हवे असेल त्यांनी रविवारी माझ्याकडून न्यावे.